मकरंदभावजींच्या पिस्तुलाबद्दल

मानपाडा, डोंबिवली पूर्व

प्रिय वैजू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. शेवटाकडे तुझा आवाज चढला होता, त्यावरून घरात वाद कुठवर गेलाय ते कळलं. न्यूजर्सीत, एडिसनमधल्या ओळखीच्या सराफाचं दुकान लुटलं गेल्यापासून मकरंदभावजींनी पिस्तूल जवळ बाळगण्याच्या परवान्याचं मनावर घेतलंय आणि तू म्हणतेस, ती वस्तू माझ्या घरात येणार नाही. वर मला म्हणालीस, "तुमचं बरं आहे बाई, तिथे हा प्रश्नच नाही." तुझ्या त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय. फोनवर हे जमलं नसतं.

प्रश्न आहे गं, आणि आमच्या मानपाड्यात तर आहेच. (ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर दुसरं मानपाडा आहे, तुझ्या नणंदेचा फ्लॅट आहे ते. मी आपल्या मानपाडेश्वराच्या देवळाकडचं बोलतेय.) तू गेलीस तेव्हा कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं होती. आता त्या रस्त्यावर मेट्रो 12 चं काम चाललंय, पुढे पलावाचे टॉवर आहेत आणि सत्तावीस गावांतल्या गुंठ्यागुंठ्याला भाव आलाय. जमीन महागली की सातबाऱ्यावरची भांडणं वाढतात, आणि भांडणांबरोबर मागेपुढे बाऊन्सर घेऊन फिरणारी माणसंही. मध्यंतरी एका हळदीला गेले होते. समोर बसलेल्या गृहस्थांचा शर्ट वर सरकला आणि कमरेचं पिस्तूल दिसलं. जेवण वाढणाऱ्या पोराचा हात जागच्या जागी थांबला. ते गृहस्थ त्याला म्हणाले, "घाबरू नको, लायसनचं आहे." माझी भीती त्या वाक्यानं कमी झाली नाही, वाढली.

का वाढली ते सांगते. 2 फेब्रुवारी 2024, शुक्रवारची रात्र. उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं. कल्याण पूर्वचे भाजपचे आमदार गणपत गायकवाड आणि शिवसेनेच्या शिंदे गटाचे कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड, दोघांचा वाद मलंग रस्त्यावरच्या द्वारली गावातल्या जमिनीचा. तक्रारीसाठी दोन्ही बाजू ठाण्यात जमल्या होत्या. वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये आमदारांनी महेश गायकवाडांवर गोळ्या झाडल्या. त्यांच्याबरोबरचे राहुल पाटीलही जखमी झाले. सगळं सीसीटीव्हीत टिपलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या शाळकरी मुलांच्या फोनवरही ती चित्रफीत होती. आपल्या मुलाला धक्काबुक्की झाली म्हणून गोळ्या झाडल्या, असं आमदारांनी एका वाहिनीला स्वतःच सांगितलं. शस्त्र परवान्याचं होतं. जखमी ठाण्याच्या ज्युपिटर रुग्णालयातून जगून बाहेर आले, खटल्याचं काय ते न्यायालय ठरवेल. त्याच वर्षीच्या विधानसभेत आमदारांच्या पत्नी सुलभाताई निवडून आल्या, आणि त्यांच्याविरुद्ध अपक्ष उभे होते महेश गायकवाड.

या घटनेला आठवडा होतो न होतो तोच, 8 फेब्रुवारीला, बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या. मारणाऱ्या मॉरिस नोरोन्हानं नंतर स्वतःवर गोळी झाडली. त्याच्याकडे स्वतःचा परवाना नव्हता. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता.

भावजी म्हणतील, गुन्हेगार परवाना काढून थोडाच गोळी घालतो? त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. आपल्या देशात बंदुकीनं होणारे बहुतेक खून बेकायदा हत्यारांनीच होतात. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या पलीकडे, सीमा ओलांडली की मध्य प्रदेशातलं उमर्टी लागतं. तिथून गावठी कट्टे महाराष्ट्रात येतात, पोलीस धाडी घालतात, तरी येतच राहतात. पण कट्टेवाल्याच्या मागे पोलीस असतात. लायसनवाला पोलिसांच्या समोर बसून चहा पितो. हिललाइनमध्ये आमदारांच्या कमरेला हात लावून "हे बाहेर ठेवा साहेब" म्हणण्याची हिंमत एखाद्या शिपायाला कुठून होणार होती? मला भीती वाटते ती इथे. आधीच ज्याच्या हातात सत्ता, पैसा आणि माणसं आहेत, त्यालाच सरकार शिक्का मारून शस्त्रही देतं.

तू विचारलंस, तिथे परवाना मिळतो तरी कसा? कायदा 1959 चा, नियम 2016 चे. ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर या साऱ्या पट्ट्यात अर्ज ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे जातो. स्थानिक ठाण्याचा अहवाल मागवतात, गुन्हे तपासतात, हत्यार सुरक्षित वापरण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. एका माणसाला आधी तीन शस्त्रं ठेवता यायची, 2019 च्या दुरुस्तीनं ती संख्या दोनवर आली. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच केली, ते मला मुळीच पटलेलं नाही. लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही तेव्हाच आलं. आणि गंमत बघ, तुमच्याकडे उघड बाळगायचं की कपड्याआड लपवून यावर राज्याराज्यांत वेगवेगळे कायदे आहेत. आमचा नियम सांगतो, सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेलंच हवं, होल्स्टरमध्ये आणि ताब्यात. ते दाखवून मिरवणं हाच नियमभंग आहे. हळदीतल्या त्या गृहस्थांना हे ठाऊक असेल का, कोण जाणे.

सगळ्यात महत्त्वाची अट गरजेची. तुमच्या जिवाला खरा धोका आहे का, धंद्यामुळे जोखीम आहे का, हे अर्जदारानं पटवून द्यावं लागतं. नेमकी हीच अट तुमच्याकडे उडाली. न्यूयॉर्कमध्ये 1913 पासून 'योग्य कारण' दाखवावं लागायचं, न्यूजर्सीतही तसंच होतं. 23 जून 2022 ला ब्रुएन खटल्यात तुमच्या सर्वोच्च न्यायालयानं ती अट घटनाबाह्य ठरवली. म्हणून तर भावजींना आज अर्ज करता येतोय. त्या निकालाआधी केला असता तर एका दरोड्याच्या भीतीवर त्यांना परवाना मिळणं फार कठीण होतं.

आपल्याकडे शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत का नाही, यावर आपण कॉलेजात कधी बोललोच नव्हतो. 1878 चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळातला, त्यात गोऱ्यांना सूट आणि हिंदी माणसाला परवान्याची सक्ती. तो अपमान लोकांच्या मनात इतका खोल गेला होता की 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, नियमांच्या अधीन राहून. 1948 च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामतांनी तोच हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घ्यायची मोकळीक दिली तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांचा प्रश्न होता. आणि ते म्हणाले, आग्रह धरायचाच तर हक्काचा नको, देशावर संकट आलं की शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरा. मला हे वाचताना फार बळ आलं. अस्पृश्य वस्त्यांवरचे हल्ले ज्यांनी आयुष्यभर पाहिले, स्वसंरक्षणाची गरज ज्यांना कुणाहून जास्त ठाऊक होती, ते हे सांगत होते.

म्हणून मी गरजेच्या अटीच्या बाजूनं आहे, ठामपणे. माझं भांडण ती अट ज्या रीतीनं तपासली जाते तिच्याशी आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा डिसेंबर 2024 मध्ये खून झाला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात हजारावर शस्त्र परवाने आहेत. मग आढावा झाला आणि शेकड्यांनी परवाने रद्द करायची वेळ आली. इतक्या जणांची गरज खरी होती तर रद्द का केले, आणि खोटी होती तर दिले कुणी? 2025 च्या ऑक्टोबरात आणखी एक प्रकरण गाजलं. पुण्यातल्या एका टोळीप्रमुखाच्या भावाला पोलिसांनी परवाना नाकारला होता, तो गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात मंजूर केला. अर्जदार खटल्यांतून निर्दोष सुटलेला होता, असं कदमांचं म्हणणं. तरीही पोलिसांनी परवाना दिला नाही. आयुक्तांनी नाही म्हटलं की अपील सरकारकडे जातं आणि सरकारमध्ये ते ऐकणारा मंत्री असतो. त्याला मतं हवी असतात, माणसं सांभाळायची असतात. ते अपील न्यायाधीशापुढे गेलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक गोष्ट, जी मला सर्वात जास्त खुपते. दर निवडणुकीत आचारसंहिता लागली की परवानाधारकांची छाननी होते. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करता येत नाहीत, मुंबई उच्च न्यायालयानं 2009 मध्ये तसं बजावलंय. म्हणून छाननी समिती बसते आणि कुणाचं शस्त्र बाहेर राहणं धोक्याचं आहे ते नावानिशी ठरवते. म्हणजे पोलिसांना माणसं माहीत असतात! कुणावर गुन्हे आहेत, कुणाचा जमिनीचा वाद चालू आहे, कोण तापट आहे, सगळं त्या यादीत येतं. मग निकाल लागला की तीच शस्त्रं त्याच हातांत परत. मतदानाच्या दिवशी जो माणूस धोक्याचा, तो द्वारलीच्या जमीन-मोजणीच्या दिवशी सुरक्षित कसा? ही छाननी दरवर्षी व्हायला हवी आणि जमिनीच्या वादात पक्षकार असलेल्याचं शस्त्र वाद मिटेपर्यंत जमा राहायला हवं. 2022 च्या नोव्हेंबरात अंबरनाथजवळ बैलगाडा शर्यतीच्या वादातून गोळीबार झाला होता, तेव्हापासून मी हे ज्याला त्याला सांगतेय.

बायकांचं म्हणशील तर, निर्भया प्रकरणानंतर 2014 मध्ये कानपूरच्या कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, खास स्त्रियांसाठी. किंमत तेव्हाच एक लाख वीस हजारांच्या वर होती. रात्री साडेअकराच्या लोकलनं डोंबिवलीला उतरून रिक्षासाठी धावणाऱ्या नर्सबाईंनी ते कुठून घ्यावं, आणि घेऊन गर्दीत पर्समध्ये सांभाळावं कसं? तिला चालू पथदिवे हवेत, शेअर रिक्षाचा स्टँड हवा आणि तक्रार लिहून घेणारा पोलीस हवा.

तुमच्याकडचं एक मात्र मला मनापासून हवंय. न्यूजर्सीत 2018 मध्ये कायदा झाला, 2019 च्या सप्टेंबरपासून लागू आहे. घरातलं माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी भीती असेल तर घरचे किंवा पोलीस न्यायालयात अर्ज करू शकतात आणि न्यायाधीश त्याची शस्त्रं काढून घेऊ शकतात. आमच्या शस्त्र कायद्यात परवाना निलंबित करायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे, पण घाबरलेल्या बायकोसाठी वेगळा दरवाजा नाही. तिनं जायचं त्याच ठाण्यात, जिथे नवऱ्याला खुर्ची मिळते.

यावरून तुझ्या घराकडे येते. तू दरोडेखोराचा विचार करतेस, मी तुझ्या घराचा करते. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीनं 48,830 माणसं गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त, 26,328, आत्महत्या होत्या. भावजी शांत आहेत, जबाबदार आहेत, ते मला कुणी सांगायला नको. पण घरात तुझा एकोणीस वर्षांचा मुलगा निनाद आहे, मागच्या हिवाळ्यात तो कसा होता ते तूच मला रात्री-रात्री फोन करून सांगितलंयस. भावजींशी वाद घालताना अमेरिकन राज्यघटना, हक्क, इंग्रजांचा कायदा हे काही काढू नकोस. निनादचं नाव घे. तेवढं घेतलंस की पुढचं बोलणं सोपं होईल. आणि त्यांना परवाना घ्यायचाच असेल तर आधी कुलपाची तिजोरी येऊ दे, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली कुठे ते दोघांखेरीज कुणालाही कळायला नको. सराफ मित्राला गाडीतून घरी सोडायला पिस्तूल लागत नाही, दुकान बंद करायच्या वेळी दोघा-तिघांनी बरोबर थांबलं तरी पुष्कळ झालं, हेही त्यांना माझ्याकडून सांग.

आणि माझं एक काम कर. तिथल्या अर्जात नात्यातली नसलेली, किमान तीन वर्षं ओळखणारी चार माणसं द्यावी लागतात असं वाचलं. त्या चौघांत बायको बसत नाही, हे मला चुकीचं वाटतं, पण निदान चौघांना तरी विचारतात. पोलीस त्यांना खरंच फोन करतात का, काय विचारतात, तोंडी की लेखी, ते भावजींच्या ओळखीत ज्यांनी परवाना काढलाय त्यांच्याकडून विचारून घे आणि कोऱ्या अर्जाची प्रत मला पाठव. आमच्या सोसायटीतल्या वकीलबाई आणि आम्ही काही जणी मिळून गृहखात्याला निवेदन देतोय, वार्षिक छाननीचं आणि अपील न्यायाधीशाकडे नेण्याचं. त्याला तो अर्ज जोडायचाय. पुढच्या शनिवारी मसुदा पक्का होतोय, तोवर मिळाला तर फार बरं होईल.

भावजींना नमस्कार, निनादला खूप आशीर्वाद.

तुझी,
शुभा