हजेरी आणि आजारपण

इंग्लंडात परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आम्हां मुलींच्या घरी शाळा बुडवणे हा अपराधच मानला जाई. अंगात ताप असताना वर्गात बसण्याचे कौतुक होई. मैलोन्‌मैल पायपीट करून शिकलेल्या पिढीला ते शोभूनही दिसे. येथील वॉर्डात मात्र तोच गुण घातक ठरतो. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास रुग्णांजवळ जायचे नाही, हा नियम आम्हांला सर्वथा रास्त वाटतो; आधीच खंगलेल्या रुग्णाला आपला संसर्ग पेलवणार कसा?

अडचण निराळीच आहे. नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या नोंदणीसाठी प्रात्यक्षिक शिक्षणाचे २३०० तास भरावेच लागतात. आजार कितीही खरा असो, बुडालेले तास माफ होत नाहीत. ते पुढे भरून काढावे लागतात, तेही विनावेतन. त्या दिवसांतली दुकानातली कमाई बुडते आणि घरभाडे तर थांबत नाही. शिवाय विद्यार्थी-व्हिसावर असणाऱ्यांच्या हजेरीवर विद्यापीठाला लक्ष ठेवावेच लागते. म्हणून कुणी गोळी घेऊन मुकाट्याने कामावर जाते.

नव्याने येणाऱ्यांनी एवढे करावे : शिफ्टपूर्वी वॉर्ड आणि विद्यापीठ, दोन्हीकडे कळवावे. मैत्रिणीजवळ निरोप दिला म्हणजे कळवले, असे होत नाही. आईला मात्र फोनवर ‘आज घरीच आहे’ म्हणणे आम्हांला अजूनही जड जाते.