चकवा

लहानपणी भालकीकडच्या शिवारात रात्री निघालो, की आजी बजावीत असे, "चकवा लागला तर चालू नका रे, जागीच बसा." चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तो त्याच बांधावर! हा चकवा पुढे आम्हांस संगणकात भेटेल, असे तेव्हा कोणास वाटले असते?

घरातील मोडी दफ्तराची छायाचित्रे आम्ही संगणकात साठविली होती. मूळ कागदांपैकी बरेच पुढे कसरीने खाल्ले. एका संध्याकाळी अचानक वीज गेली आणि डिस्कवरील नोंदी विस्कटल्या. आम्ही डिस्कची नक्कल करून तिच्यावर आमचाच जुना दुरुस्तीचा प्रोग्राम लावला. सकाळ झाली, तरी तो चालूच होता!

डिस्कवर प्रत्येक फोल्डरात त्याच्या पालक-फोल्डराची नोंद असते. दुरुस्ती करणारा पालकाकडून त्याच्या पालकाकडे असा चढत मूळ फोल्डराशी पोचतो. येथे मात्र 'अ'चा पालक 'ब' आणि 'ब'चा पालक 'अ' अशी नोंद झाली होती. नातवालाच आजोबांचा बाप म्हणून लिहावे आणि वंशावळ सांगणाऱ्या हेळव्याने मूळ पुरुष शोधीत फिरत राहावे, तशी ही गत.

दोष वस्तुतः आमचा. जी वही बिघडली म्हणून तपासावयाची, तिच्याच शब्दावर आम्ही विसंबलो होतो. लिनक्सवरील 'ई२एफएससीके' हा प्रोग्राम अधिक सावध आहे. त्याच्या ५ फेऱ्यांपैकी तिसरीत ही चढण असते. २०४८ पायऱ्या चढूनही मूळ सापडले नाही, तर तो पुन्हा आरंभापासून निघतो आणि या वेळी प्रत्येक पायरीवर खूण करीत जातो. खूण केलेली पायरी पुन्हा आली, की तो चकवा ओळखतो आणि ते फोल्डर 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये नेऊन ठेवतो.

आम्हीही तेच केले. चारच ओळी वाढविल्या, आणि रात्रभर न संपलेले काम काही मिनिटांत संपले. फोल्डराचे नाव गेले होते, त्या जागी नुसता क्रमांक होता. पण उघडून पाहतो तो पणजोबांच्या हातचे वाटणीपत्र जसेच्या तसे!

आजी म्हणे ते खरेच होते. वाट चुकणे आपल्या हाती नसते. आपण येथे आधी येऊन गेलो आहोत, हे ओळखून थांबणे मात्र असते.