श्वास आणि घास

लोणारच्या विवरात उतरणे फारसे अवघड नाही. अवघड असते ते परत वर येणे. विज्ञानाची शिक्षिका म्हणून कितीतरी वर्षे मी नववीच्या मुलांना तेथे नेत आले आहे. उल्केच्या आघाताने काळ्या बसाल्ट खडकात घडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, हे सांगताना माझा आवाज दरवर्षी थोडा चढतो. २०१७ च्या डिसेंबरात मात्र तो चढला नाही, कारण बोलायला श्वासच उरला नव्हता. कमळजा देवीच्या देवळापासून वर येताना मी चार वेळा बसले. पाचव्यांदा बसले तेव्हा एका मुलीने न विचारता माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही सावकाश या, आम्ही वर थांबतो." तिच्या बोलण्यात चेष्टेचा लवलेशही नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. तिने मला आपल्या आजीच्या रांगेत बसविले होते आणि माझे वय होते ४७.

त्या वेळी माझे वजन ७८ किलो होते, उंची १५५ सेंटिमीटर. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ साली ठरविलेल्या निकषानुसार स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा. माझा ९९ होता. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली, ती ६.३ आली. साडेसहापासून मधुमेह समजतात. मी उंबरठ्यावर उभी होते, आणि उंबरठ्यापलीकडचे ते घर मी आतून पाहिलेले होते. माझ्या आईचा उजवा पाय एकसष्टाव्या वर्षी गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर ती खाटेवर दाराकडे तोंड करून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे पाही, चेहऱ्यांकडे नव्हे. ही गोष्ट मी कोणाजवळ कधी बोलले नव्हते.

"कपालभाती कर, चरबी वितळते," असे शाळेत दोघी सहकारी शिक्षिकांनी सांगितले. विदर्भाला योगाभ्यास नवा नाही. नागपूरच्या जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने तो विनामूल्य शिकवून दूरवर पोहोचविला आहे. परंतु चरबी वितळण्याची कल्पना माझ्यातल्या शिक्षिकेला पटेना. चरबी म्हणजे काही तूप नव्हे. अशातच एक मजेदार हिशेब वाचनात आला. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ऑस्ट्रेलियातील दोघा अभ्यासकांनी दाखवून दिले की, शरीरातील १० किलो चरबी खर्ची पडते तेव्हा तिच्यातील ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासावाटे जाते, उरलेली १.६ किलो पाणी होते. म्हणजे वजन खरोखरच नाकातोंडावाटे जाते! मात्र जोरजोराने श्वास सोडला म्हणून चरबी अधिक जळत नाही. उगाच धापा टाकल्या तर चक्कर तेवढी येते. 'हठप्रदीपिके'नेही कपालभातीची गणना प्राणायामात न करता शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत केली आहे, आणि तोच ग्रंथ साधकाला पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवायला सांगतो. हे दुसरे सांगणे मात्र आमच्या शाळेत कोणाला आठवले नाही.

तरीही मी श्वासाला बसले. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले. जानेवारीत पहाटे पाच वाजता गच्चीवर बसायचे म्हणजे शाल आणि निर्धार दोन्ही लागतात. कपालभाती थोडी, अनुलोम-विलोम बराच वेळ. सहा आठवड्यांत वजन जेमतेम अर्धा किलो उतरले. मी सोडूनच देणार होते, पण एक वेगळेच घडले. शाळेतून परतल्यावर माझा हात आपोआप फराळाच्या डब्याकडे जात असे. एके दिवशी झाकण उघडण्यापूर्वी सवयीने एक दीर्घ श्वास घेतला गेला आणि ध्यानात आले की, पोटात भूक नाहीच. जे काही होते ते छातीत होते. मुलाची बारावी, घराच्या कर्जाचा हप्ता, तपासायचे राहिलेले पेपर. कित्येक वर्षे मी काळजीला शेव-चिवडा खाऊ घालीत होते, आणि ती काही तृप्त होत नव्हती.

२०१८ साली महाराष्ट्रभर डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाची चर्चा होती. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. ते २००४ साली अपघातात गेले. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी कराव्यात. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे, असे तिचे सूत्र. थोडे थोडे अनेकदा खा, असे सांगणारे तज्ज्ञही आहेत, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज या वाटेस जाऊ नये. मला मात्र ती मानवली; बहुधा दोन वेळा एवढे स्पष्ट बंधन असल्यामुळेच.

खरी अडचण भुकेची नव्हतीच. ती स्वयंपाकघराची होती. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या बुडाशी राहिलेला भात, सकाळचे गार पोहे, सारे माझ्या पोटात जाई. अन्न वाया घालवू नये, हे आम्हांला शिकविले. ते पोटात घातले तरी वायाच जाते, हे कोणी शिकविले नाही. मी भाताचे माप लहान केले. ज्वारी पुन्हा घरात आली. माझ्या लहानपणी भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी सणाची. पुढे आमच्या शेतात सोयाबीन आले, ज्वारी मागे पडली आणि पोळी रोजची झाली. २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगाने पाळले तेव्हा तीच ज्वारी मिरविताना पाहून हसू आले. अर्थात भाकरीत जादू नाही. चार भाकरी खाल्ल्या तर चार भाकरीच पोटात जातात.

त्याहून कठीण होते नाही म्हणणे. माझी धाकटी बहीण घाटाखाली, मलकापूरकडे दिलेली. २०१९ च्या जानेवारीत तिने भरीत-भाकरीला बोलाविले. राजूर घाट उतरून मी दहाच्या सुमारास पोहोचले. तिने चहा पुढे केला. मी म्हटले, "नको, आता एकदम जेवीनच." तिचा चेहरा उतरला. "काहून वं, आमच्या घरचा चहाही चालत नाही का तुले?" मी समजावू लागले, ती ऐकेना. कप तसाच ओट्यावर ठेवून ती वांगी भाजायला मागच्या अंगणात गेली. मी तिच्यामागे गेले आणि काटक्यांच्या धुरात उभी राहून प्रथमच म्हणाले, "मला आईच्या पायाची भीती वाटते गं."

ती बराच वेळ वांगी फिरवीत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, "मले दोन वर्षांपासून गोळी आहे. घरात कोणाले सांगितलं नाही."

तो चहा कोणीच प्याले नाही. जेवण झाल्यावर आम्ही दोघी तिच्या नवऱ्यापुढे बसलो आणि तिने गोळ्यांची पट्टी त्याच्या हाती दिली. पुढच्याच आठवड्यात तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिचा आहार त्यांनी ठरवून दिला, तो माझ्यासारखा नाही. ती तीनदा जेवते.

माझे वजन सव्वा वर्षात ६५ वर आले, साखरेची सरासरी ५.६. २०१९ च्या डिसेंबरात लोणारची चढण चढताना एकदाच बसले, तेही पाणी प्यायला. २०२० च्या टाळेबंदीत चार किलो परत आले. त्यांतले दोन गेले, दोन अजून आहेत. पहाटे पाचला बहिणीचा फोन येतो. "उठलीस का?" एवढेच विचारते. मग मी माझ्या गच्चीवर बसते, ती तिच्या ओसरीवर. आणि उन्हाळ्यात तिची तक्रार असते की, घाटाखाली पहाटेचा श्वाससुद्धा गरमच येतो.