ताम्हिणीत स्टिअरिंग कुणाकडे?

पावसाळी रविवार. चांदणी चौक मागे पडला, पिरंगुटला गरमागरम मिसळ झाली की मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, 'ए ताई, आता मी चालवते ना!' द्या की किल्ली! इन्शुरन्स गाडीचा असतो. बहिणीकडे वैध लायसन्स आणि तुमची परवानगी असली की मुळशीच्या वळणांवरही पॉलिसी लागू. मात्र पॉलिसीतलं १५ लाखांचं अपघात कव्हर फक्त मालकाचं. गाडी ती चालवत असली तरी तिला ते मिळत नाही. तिच्यासाठी वेगळं कव्हर घ्या. गाडी तिने ठोकली आणि दुरुस्तीचा क्लेम केलात, तर नो क्लेम बोनस जातो तुमचाच! आणि लर्निंग लायसन्सवाला धाकटा? धुक्यातल्या ताम्हिणी घाटात त्याने खिडकीतून धबधबेच मोजावेत!