खळीचा वास

परवा वाचनालयात जुनी पुस्तकं बांधायला माणूस बसला होता. त्याने मोरचूद घातलेली खळ ढवळली आणि छापखान्यातला तो जुना वास नाकात शिरला. तिशीत असताना गिरगावच्या एका छापखान्यासाठी मी टोपणनावाने पिवळी पुस्तकं लिहायचो. सहा फर्मे, ९६ पानं, पैसे रोख. त्याची लाज मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. लिहायला मी तिथेच शिकलो.

शिकवलं ते छापील कागदांना घडी घालणाऱ्या एका मावशींनी. लाकडी पट्टीने फर्मा दाबता दाबता त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमची ही बाई जेवते कधी?"

पुढची नायिका मी टेलिफोन ऑपरेटर केली. रात्रपाळी संपवून येते, डबा उघडते, पोटभर जेवते आणि मग समोरच्या माणसाकडे बघते. प्रसंग नेहमीचाच, पण त्यात धग आली, कारण आता तिलाही तो माणूस हवा होता. प्रकाशकाने डबाच छाटला. म्हणाला, "भाजी-पोळीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही." तो राग अजून गेलेला नाही.

अश्लीलतेचा वाद कोर्टातही गेला होता. लेखक चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. हायकोर्टाने ती अश्लील ठरवून त्यांना २५ रुपये दंड केला. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. वाद झाला तो कुठल्या पानावर किती उघडं लिहिलंय, यावर. कोर्टात जायची वेळ आली असती, तर माझ्याही पुस्तकांत तेवढंच शोधलं असतं. डब्याबद्दल कुणी विचारलं नसतं.

मावशींनी मात्र विचारलं. म्हणजे त्या वाचत होत्या! आम्ही लिहिणारे, छापणारे, फुटपाथवर विकणारे, सगळे धरून चाललो होतो की वाचणारा पुरुषच. घड्या घालता घालता त्यांना त्या पानांत काय सापडायचं, काय हवंसं वाटायचं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. बाईची इच्छा मी कल्पनेने लिहीत राहिलो, आणि ती जिला ठाऊक होती ती चार हातांवर बसली होती. मावशींसारख्या बाईने स्वतःच्या मनाने लिहिलेलं असं ९६ पानांचं पुस्तक मला वाचायचंय. लोकलमध्ये, वर्तमानपत्राचं कव्हर न घालता.