हल्ली काय वाचता?

वकिलाला लोक दोनच प्रश्न विचारतात: तारीख कधी, आणि फी किती. गेल्या वीस वर्षांच्या वकिलीत ‘हल्ली काय वाचता?’ असे मला बार-रूममध्ये कोणी विचारलेले आठवत नाही. देवळाच्या सभामंडपात नाही, लग्नकार्याच्या पंगतीत नाही. तो प्रश्न प्रथम विचारला तो बेळगावच्या कँपातील एका ऐंशीच्या घरातील कोंकणी ख्रिस्ती बाईंनी, आणि तोही ‘जेवलात का?’ म्हणावे इतक्या सहजपणे. “हालीं कितें वाचतात, वकील बाब?” मी गडबडलो. त्या दिवसांत मी वाचीत होतो ते एका वाटणीच्या दाव्याचे कागद. ते सांगून कसे चालावे? “वेळ कुठे मिळतो!” असे काहीतरी पुटपुटलो. बाईंनी ते निमित्त ऐकून घेतले आणि मंजूर केले नाही, एवढे त्यांच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसले.

ते घर माझ्या एका वकीलमित्राचे. घराणे मराठी, मेथॉडिस्ट पंथाचे. पत्नी गोव्याकडील कॅथॉलिक. आणि ही वृद्ध बाई पत्नीची मावशी. एका घरात दोन पंथ आणि तीन भाषा सुखाने नांदतात, हे आमच्या सीमाभागातील माणसाला नवल वाटण्यासारखे नाही. नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. महिन्यातून एका रविवारी दुपारी चारच्या सुमारास तेथे आठ-दहा माणसे जमतात. एक निवृत्त मुख्याध्यापिका, इस्पितळातील एक परिचारिका, रेल्वेतील एक कारकून, आणि निपाणीहून बसने येणारे एक शाळामास्तर. हे मास्तर मला निपाणीच्या कोर्टाबाहेरील चहाच्या दुकानात पुष्कळदा दिसत. तंबाखूच्या वखारींचा उग्र दर्प, पक्षकारांचा कोलाहल, आणि त्यात हा गृहस्थ मांडीवर पुस्तक उघडून बसलेला. त्या बैठकीत मी त्यांना पाहिले तेव्हा कुठे त्या वाचनाचा उलगडा झाला. महिनाअखेर आपल्याला उत्तर द्यावयाचे आहे, या धास्तीने ते वाचीत असत!

बैठकीची शिस्त मजेची आहे. ‘पुस्तक चांगले आहे’ असे म्हणण्याला तेथे मज्जाव आहे. चांगले आहे हे कोणीही म्हणतो. आपण कोणत्या पानावर थांबलो आणि का थांबलो, एवढेच सांगावयाचे. मग ज्याला हवे तो पुस्तक मागून नेतो आणि एका जाड वहीत नाव, तारीख लिहून सही करतो. परत आणल्यावर पुन्हा सही. ती वही मी चाळली. आमच्या कोर्टातील काही रोजनाम्यांपेक्षा ती अधिक काळजीने ठेवलेली आहे.

पहिल्या रविवारी मास्तरांनी बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ काढले, आणि मला शरमेने मान खाली घालावी लागली. ‘यमुनापर्यटन’ हे नाव परीक्षेपुरते मला ठाऊक होते: १८५७ साली निघालेले, विधवांच्या हालांची कथा सांगणारे, आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून अनेकजण ज्याकडे बोट दाखवितात ते पुस्तक. पण त्याचा कर्ता १८३१ साली आमच्या बेळगावातच जन्मला, येथल्या मिशनच्या शाळेत शिकला, आणि १८५४ साली त्याने बाप्तिस्मा घेतला तोही येथेच, हे मला ठाऊक नव्हते. ज्या गावात वाढलो, ज्या गावच्या साहित्यप्रेमाची प्रौढी चारचौघांत मिरवितो, त्या गावचा हा मनुष्य मला निपाणीच्या मास्तरांकडून कळावा! ‘अरुणोदय’ हे त्याचे आत्मचरित्र १८८८चे. धर्म सोडणाऱ्या माणसाचे आत्मवृत्त म्हणून आम्ही ते वाचले नसेल, तर ते समजण्यासारखे आहे. पण आपल्याच गावच्या माणसाचे आत्मवृत्त म्हणून ते आमच्या हाती कोणी ठेवले नाही, हे मात्र समजत नाही.

मुख्याध्यापिकाबाई लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर बोलल्या. ते पुस्तक आमच्याही घरी होते. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले आणि तेव्हापासून ते हिंदू-ख्रिस्ती असा भेद न करता घरोघर वाचले गेले. आम्ही मात्र ते हसण्यासाठी वाचले. वडिलांचे ते विलक्षण सोवळे, टिळकांचे तऱ्हेवाईक वागणे, बाईंची भोळी पण धारदार जीभ. मुख्याध्यापिकाबाई थांबल्या होत्या ते वेगळ्या ठिकाणी. १८९५ साली रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे आपल्या धर्मात, नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे त्याच्याकडे परत आल्यावरही पुष्कळ दिवस त्यांनी आपला विटाळ पाळला. आणि मग एके दिवशी, हा जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न स्वतःलाच घालून त्यांनी स्वतःच त्याचा निकाल लावला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. “हे पान मी नोकरीत असताना वर्गात वाचून दाखवू शकले नाही,” बाई म्हणाल्या. “मिशनच्या शाळेतली मी, पालकांना वाटले असते, ही मुलींना बाटविते आहे. म्हणून मी नेहमी विनोदी उताराच वाचून दाखविला.” म्हणजे त्या पुस्तकातले हसू आम्ही घेतले आणि त्यातले पान त्यांनी मिटून ठेवले. दोन्ही बाजूंनी मिळून केलेली ही तडजोड. तीवर कोणाचीही सही नाही.

या लोकांच्या शिफारशी केवळ धार्मिक असतील, असा माझा अंदाज होता. तो पुरता चुकला असे म्हणवत नाही. परिचारिका पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल वाचीत होती. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, बायाबापड्यांना समजेल अशा भाषेत रमाबाईंनी केडगावी केलेले हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली पूर्ण छापून निघाले. रेल्वेतील कारकून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ घेऊन बसला होता आणि दोन्हींतील एकेक वाक्य ताडून पाहण्यात दोघे अगदी रमून गेली होती. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एका धर्मगुरूला हा मान का, अशी ओरड झाली होती. २०२४ साली ते निवर्तले. कीर्तनकाराच्या मराठीवर आपण हक्क सांगतो, मग वसईच्या पाद्र्याच्या मराठीवर का सांगू नये, हे मला अद्याप उमगलेले नाही. असो.

आता मावशींकडे येतो. त्यांच्या हातात होते ‘ख्रिस्तपुराण’, शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरीत आणलेली प्रत; पाने पिवळी, शिवण दोनदा घातलेली. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतून या ओव्या उपासाच्या दिवसांत म्हणत असत, असे त्यांनी आजीकडून ऐकले होते. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकविले आणि वहीत माझे नाव स्वतःच लिहिले. सही तेवढी मी करावयाची राहिली होती.

ती करताना माझा हात किंचित थबकला, हे कबूल करतो. या नियतकालिकाच्या वाचकांना त्याचे कारण सांगावयास नको. आमचे कुलदैवत श्रीमंगेश. १५६० साली कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, नदी ओलांडून देवाला अंत्रुजात प्रियोळला न्यावे लागले. पलीकडचा तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता म्हणूनच देव वाचला. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन बसले, आणि १५६७च्या सुमारास सासष्टीतील देवळे पाडली गेली. आणि या पुराणाचा कर्ता कोण? फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, पंथाने जेझुइट. १५७९ साली गोव्यात उतरला तो १६१९ साली मरेपर्यंत चाळीस वर्षे येथेच राहिला, आणि त्यातील बहुतेक वर्षे सासष्टीत. १५८३ साली कुंकळ्ळीस जे घडले तेव्हाही तो तेथेच होता. मराठीत पुराण आणि कोंकणीत ख्रिस्ती शिकवणुकीचे पुस्तक व व्याकरण, असा दोन्ही भाषांवर उपकार करून गेलेला हा मनुष्य त्याच यंत्रणेचा सेवक होता.

घरी आईने पुस्तक पाहिले आणि विचारले, कसले? मी सांगितले. तिचे वय पंचाहत्तर. आवाज मात्र तिशीतला. “तांणी आमचो देव धांवडायलो, आनी तूं तांचें पुराण वाचता?”

मी उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच. शाळेत शिकलेल्या, मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या प्रसिद्ध ओव्या तिला ऐकवाव्यात असे क्षणभर मनात आले. पण पक्षकाराला न पटणारा पुरावा पुढे करण्यात काय हशील? भाषेचे कौतुक करणारा मनुष्य देऊळ पाडणाऱ्यांच्या पंक्तीत असूच शकत नाही, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

रात्री वाचावयास बसलो. हे पुराण १६१६ साली राचोलला रोमन अक्षरांत छापले गेले, ओव्या जवळजवळ अकरा हजार. माझे लक्ष प्रारंभालाच एका ठिकाणी अडकले. पाद्री मुलांना धर्मशिकवण देत आहे. तेथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठतो आणि म्हणतो (भावार्थ माझ्या शब्दांत): आमची पूर्वीची पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांसारखे दुसरे काही वाचावयास आम्हांला का देत नाही? त्या मागणीवरून हे पुराण रचिले, अशी ग्रंथाची बैठक आहे.

मी ते पान तीनदा वाचले. साक्षीदाराचे कोणते विधान विश्वसनीय मानावे, हे शिकण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. आपल्या सोयीचे बोलणारे शंभर भेटतात. आपल्याच पक्षाच्या विरुद्ध जाणारे वाक्य जो आपण होऊन बोलतो, त्याच्याकडे न्यायाधीशही लेखणी थांबवून पाहतो. हा पाद्री इन्क्विझिशनच्या अमलात, वरिष्ठांची परवानगी घेऊन पुस्तक छापतो, आणि पहिल्याच अध्यायात एका नवख्रिस्त्याच्या तोंडून वदवितो की तुम्ही आमचे वाचन हिरावून घेतलेत. ते त्याने कौशल्य म्हणून घातले की पश्चात्ताप म्हणून, हे ठरविण्याला माझ्यापुढे साधन नाही. मला दिसत राहिला तो उभा राहिलेला मनुष्य. त्याचा देव कदाचित माझ्याच देवाबरोबर नदीपलीकडे गेला असेल. तो मात्र गेला नाही. शेतभात, म्हातारे आईबाप, भीती. कारण काय ते कोण सांगणार? मागे राहिला, आणि राहिल्यावर त्याने जमीन मागितली नाही, मान मागितला नाही, वाचावयास पोथी मागितली.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्या माणसाच्या पणतवंडांच्या घरात ही पोथी कोणी कोठे लपविली असेल, याचा विचार करीत मी दिवा मालविला.

आमच्या समाजाच्या देवस्थानात पुस्तकांचे एक कपाट आहे. गेल्या सभेत मी सुचविले की ‘ख्रिस्तपुराणा’ची एक प्रत तेथे ठेवावी, हवी तर गुरुचरित्रापासून दोन खण दूर. एक वृद्ध सभासद उठले आणि शांतपणे म्हणाले, “ज्यांनी पोथ्या जाळल्या त्यांची पोथी देवाच्या कपाटात ठेवावयाची, याला माझे मन तयार होत नाही.” त्यांनी आवाज चढविला असता तर मी वाद घातला असता. त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. जखम होती, आणि ती खोटी नव्हे. मी सूचना मागे घेतली नाही, त्यांनी विरोध सोडला नाही. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. त्या सभेतही मी तेच म्हणणार आहे. पण त्यांचे म्हणणे ऐकल्यानंतर, पूर्वीसारखे सहज मला ते म्हणता येईल असे वाटत नाही.

आईचे सांगावयाचे राहिले. चार दिवस तिने पुस्तकाकडे पाहिले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी वाती वळता वळता तिने विचारले, “कितें बरयलां तातूंत?” मी त्या उभ्या राहिलेल्या ब्राह्मणाचे पान वाचून दाखविले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताका पुराण जाय आशिल्लें.” आणि थोड्या वेळाने, “मागीर? फुडें वाच.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी पन्नासेक ओव्या होतात. काही ठिकाणी ती नाक मुरडते. कथा रंगात आली की वात अर्धवट वळलेली तशीच हातात राहते. या रविवारी कँपात पुस्तक परत करावयाचे होते. वहीत माझ्या नावापुढे दोन तारखा आधीच उलटल्या आहेत. मावशींना मी आणखी एक तारीख मागितली. मुदतवाढीचे कारण त्यांनी विचारले, आणि मी ते सांगितले, तेव्हा त्यांनी वहीत माझे नाव खोडून तेथे आईचे घातले.