सराफाकडची पावती

अमेरिकेतल्या एका संस्थेबद्दल वाचलं आणि दिवसभर तेच डोक्यात आहे. कर्जवसुलीच्या धंद्यातल्याच दोघांनी ती २०१४ साली काढली. तिथे थकलेली दवाखान्याची बिलं वसुलीवाल्यांना कवडीमोलाने विकली जातात. ही संस्था देणग्यांतून तीच बिलं विकत घेते आणि माफ करून टाकते. २०१६मध्ये तिथल्या जॉन ऑलिव्हर या विनोदी सूत्रसंचालकाने टीव्हीवरून सुमारे दीड कोटी डॉलरचं देणं जेमतेम ६० हजारांत घेऊन असंच माफ करवलं.

आपल्याकडे हे कसं जमणार? आपलं कर्ज दवाखान्याच्या वहीत नसतंच. डिस्चार्जच्या आधी बिल भरायचं, म्हणून ते सराफाकडे, मेव्हण्याकडे, पतपेढीत पांगलेलं असतं. शेजारच्या वहिनींनी परवा पावती दाखवली: दोन पाटल्या, एक बोरमाळ, वजन ग्रॅममध्ये. सासऱ्यांच्या बायपाससाठी. घड्या घालून घालून कागद विरलाय. हे कर्ज कोण विकत घेणार?

मदत बिलाच्या आधीच पोचायला हवी. तशी तरतूदही आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. वहिनींचं रुग्णालय धर्मादायच होतं. दाखल करताना, पैसे भरताना, कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. संताप होतो तो याचा.

सासऱ्यांना पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचंय. त्याआधी वहिनींबरोबर जाऊन या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा आहे. रेशनकार्ड त्यांनी काढून ठेवलंय.